डेस्मंडची पट्टी

सायकल दुसऱ्याची, पैसे माझे.
ग्लेनिस प्रीसबाईंनी गॅरेजचं दार वर ढकललं
तेव्हा ती भिंतीला टेकून होती, जुनी चादर पांघरून,
तापातून उठलेलं माणूस बसतं तशी.
"चौथा गिअर निसटतो," बाई म्हणाल्या,
"डेस्मंड तिथे शिव्या घालायचा.
पण दुरुस्त करू दिला नाही कधी."

हँडलच्या गळ्याशी पांढरी चिकटपट्टी,
तिच्यावर त्याचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:
लेंटवर्डीन नऊ, नायटन अठरा, क्लन पंचवीस,
न्यूकासल एकोणतीस,
आणि खाली घामाने पुसलेलं एक नाव.
आकडा मात्र शाबूत. चौतीस.
मी विचारलं नाही. पट्टीही काढली नाही.

लडलोहून निघाले तेव्हा पाच चाळीस.
आठवडाभर प्रयोगशाळेत रात्रपाळी,
लोकांचं रक्त यंत्रात गरगर फिरवलं;
आज माझं मीच फिरवणार.
खिशात गुळपापडीच्या तीन वड्या, ट्यूब, लहान पंप,
आणि फोन, बंद.

नऊपर्यंत रस्ता सरळ मनाचा.
कुंपणं इतकी उंच की शेतं फाटकापुरतीच दिसतात:
एक फाटक, गहू. एक फाटक, घोडा.
एका दाराशी अंड्यांची पेटी,
शेजारी पैशांचा डबा, माणूस नाही.
सायकलवरून अंडी कशी नेणार?
तरी नाणं टाकलं.
सकाळची भवानी माझ्या हातची.

नायटनला वेल्स सुरू होतं.
डांबरावर पांढरी, पुरुषभर लांब अक्षरं. उच्चार: आरव.
त्यांच्या भाषेत आरव म्हणजे हळू.
आपल्याकडे आवाज,
आणि हल्ली प्रत्येक बालवाडीत चार-चार.
त्या अक्षरांवरून मी गेले, हळूच,
धापांचा आरव करत,
कारण चढ तिथेच लागतो.

चढ कसला, भिंत.
मांड्यांत मुंग्या, मग गोळे, मग काहीच नाही,
नुसता छातीचा भाता
आणि चेनची किरकिर, देणेकऱ्यासारखी.
वळणापाशी वाटलं, संपला.
वळणामागे त्याचा थोरला भाऊ उभा.
नेमका तिथे चौथा गिअर निसटला,
पाय हवेत, गुडघा दांड्यावर,
आणि तोंडातून आपसूक:
"मेल्या!"

शब्द बाहेर पडला आणि मीच दचकले.
ही आईची शिवी,
दूधवाल्याला, बोक्याला, पाणी न येणाऱ्या नळाला.
खरोखरच्या मेलेल्याला तिने कधी घातली नसेल.
पट्टीकडे पाहिलं.
अक्षर तसंच, उजवीकडे कललेलं.
हसू आलं. चढावर हसणं महाग पडतं;
उतरून शंभर पावलं ढकलावी लागली.

क्लनच्या दफनभूमीत एक नळ आहे, फुलांसाठीचा.
बाटली भरली. पाण्याला लोखंडाची चव.

एकोणतीसनंतर घरं विरळ, मग नाहीतच.
वारा समोरून.
क्वाडबाइकवरच्या एका म्हाताऱ्याने बोट वर केलं,
एकच बोट, हँडलवरून न उचलता हात.
मीही केलं. दिवसभरातलं तेवढंच संभाषण.

चौतीस.
एक वळण, एक बंद पब, पाटीवर: अँकर.
समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर,
आणि वस्तीचं नाव नांगर!
आपल्याला त्यात नवल नाही.
आपला नांगर जहाजालाही चालतो, ढेकळांनाही.
पुसलेल्या जागेवरून बोट फिरवलं.
हेच नाव असेल, किंवा नसेल.
इथवरच त्याचा दम असेल,
किंवा इथे पट्टी संपली असेल.
फाटकाला टेकून शेवटची वडी खाल्ली.
पेन नव्हतं, ते बरंच झालं.

परतीचे आकडे त्याने लिहिलेले नाहीत.
वारा आता पाठीशी, सायकल हलकी, मीही.
क्लनच्या अलीकडे एक बारका चढ आला,
चौथा गिअर निसटला.
"मेल्या," म्हटलं, या खेपेला ठरवून,
मेंढ्यांनी चरता चरता
माना वर कराव्यात इतपत मोठ्याने.