दात क्रमांक एकवीस

उमेओत डिसेंबरातली दुपार दोनलाच मावळते.
टॉर्ग्नी लुंडमार्क बूट दाराशी काढून
मोज्यांवरच खुर्चीत आडवा होतो,
कुणाच्या घरी पाहुणा आल्यासारखा.
वय त्रेसष्ट, कागद गिरणीतून निवृत्त.
वरचा, पुढचा, डावा दात: करडा.
ना कीड, ना भोक, ना कधी ठणका.

"सतराव्या वर्षी," तो सांगतो, "गोठलेल्या तळ्यावर हॉकी.
चकती लागली. रक्त आलं थोडं.
हिल्डिंगनं, माझ्या भावानं, मूठभर बर्फ दाबला
आणि आम्ही सामना पुरा केला.
हरलो."

म्हणजे त्याच संध्याकाळी तुटली असणार
मुळाच्या टोकाशी आत शिरणारी शीर.
आतला जीव गेला, दात उभा राहिला,
पुढची सेहेचाळीस वर्षं वाळका पाव तोडत,
लग्नाच्या फोटोत हसत.

एक्स-रेत मात्र टोकाशी मसुराएवढी काळी सावली.
तिथे हाड नाही.

सिर्का दाताभोवती निळं रबर ताणते,
आयोडिनने पुसते, भोक पाडते,
कागदाची बारीक वात आत सरकवून
फिनिशमध्ये साठपर्यंत मोजते.
मग वात कुपीत,
कुपी मेरितच्या हातात,
आणि मेरित कॉरिडॉरमधून जवळजवळ पळत.

पस्तीस वर्षं मेरितचं काम एवढंच:
वारा न लागू देणे.
काचेच्या पेटीत नायट्रोजन, थोडा हायड्रोजन,
भिंतीतून आत गेलेले दोन जाड हातमोजे;
त्यांत कोपरापर्यंत हात घालून ती
रक्त मिसळलेल्या बशीवर थेंब पसरते
त्यांच्यासाठी, ज्यांना आपला श्वास म्हणजे विष.

सात दिवस काहीच नाही, ठिपके फक्त.
दहाव्या दिवशी ते तपकिरी,
चौदाव्या दिवशी काजळासारखे काळे,
रक्तातलं लोह अंगावर घेऊन.
बशी बाहेर काढली की वास येतो
ऑगस्टमध्ये अंगणातच उघडायच्या
आंबलेल्या हेरिंगच्या डब्याचा.

प्रिव्होटेला. फ्युसोबॅक्टेरियम. पार्व्हिमोनास.
नावं भारदस्त, राहणी अंधारी.
पहिले आले ते दातावरच्या केसाएवढ्या भेगेतून;
त्यांनी होता नव्हता तो प्राणवायू संपवला,
मग हे आले, एकाच्या उष्ट्यावर दुसऱ्याची पंगत.
आपण वैऱ्याला म्हणतो, मुळावर उठला.
हे तर मुळातच राहत होते,
शेजाऱ्याला कळू न देता.

आणि हाड?
हाड त्यांनी खाल्लं नाही.
ते शरीरानंच मागे घेतलं,
पहारेकऱ्यांना उभं राहायला जागा हवी म्हणून.

सिर्का दात चुन्यानं भरते. खराखुरा चुना,
कुणालाही न फसवणारा.
दोन आठवड्यांनी पुन्हा वात, पुन्हा साठपर्यंत मोजणं.
काळे सगळे गेलेले.
एका बशीच्या कडेला फक्त
पांढुरका, साबुदाण्याहून लहान, एकच ठिपका:
एन्टेरोकॉकस.
दाताच्या सूक्ष्म नळ्यांत उपाशी बसून राहणारा,
चुना आत झिरपला की तेवढाच बाहेर लोटणारा.

"बघू?" टॉर्ग्नी विचारतो.
नियमात बसत नाही, पण मेरित त्याला आत घेते.
तो चष्मा कपाळावर सरकवतो, वाकतो.
"हा तळ्यातला असेल?"
"नाही. तुमच्याच तोंडातला."
"तेव्हापासूनचा?"
"कोण सांगणार? आम्ही वंशावळ ठेवत नाही."
जरा थांबून तो म्हणतो,
"हिल्डिंगला जाऊन नऊ वर्षं झाली."
या वाक्याचं काय करायचं ते मेरितला कळत नाही;
ती झाकणावर आकडा लिहिते,
कुपी उणे ऐंशीच्या कपाटात ठेवते.
"मेला?"
"नाही. थांबलाय."

टॉर्ग्नी दाराशी बसून बूट चढवतो.
नाडी दोनदा सुटते.
जीभ पुन्हा पुन्हा वर जाते,
त्या गुळगुळीत, नव्या बुजवलेल्या जागेशी,
आणि बाहेर अंधारात बसचा दिवा
बराच वेळ जवळ येत नाही.