सातवी पट्टी

कुओपिओत दुपारी तीनलाच अंधारतं.
हिल्का फिल्म दिव्यासमोर धरते :
सहा पट्ट्या काळ्या, ठसठशीत.
सातवी कोरी.

पुस्तकं म्हणतात, कुलूप नि किल्ली.
तसं नाही ते.
इन्सुलिन दाराशी येतं, कडी वाजते,
पहिल्या खोलीत कुणी उठतंही,
पण माजघरापर्यंत
निरोप जातच नाही.
साखर बाहेर, रक्तात ताटकळत.

नऊ वर्षं ती
त्या दोन खोल्यांमधल्या बोळात उभी.

गोठलेल्या तळ्यावर बाप गळ टाकून बसलाय,
डाव्या बुटात
दोन बोटांच्या जागी लोकरीचा बोळा.
फोनवर विचारतो, ‘लागलं काही?’
‘नाही. तुला?’
‘एक. एवढासा होता, सोडला.’

ती वहीत तारीख घालते.
सातवी : कोरी. पुन्हा.