चाळीस जाकिटं

रविवारी सकाळी नऊला मी पत्र्याची खोली उघडते.
रात्रभर कोंडलेला ओल्या कापडाचा वास
आधी बाहेर पडतो, मग मी आत जाते.
चाळीस जाकिटं. नारंगी म्हणायची,
पण उन्हानं त्यांचा पपईच्या सालीसारखा रंग झालाय.
एकाची शिट्टी कुणीतरी जालन्याला नेली.

माणूस रांगेत उभा राहिला की मी तोंड बघत नाही,
माप बघते.
बीडचा एसटी कंडक्टर: मोठं.
नवी नवरी, खांदे आत ओढून उभी: मधलं,
पट्टे दोनदा आवळून.
परतूरच्या एका वकिलाला एकही बसेना,
दोन जाकिटं दोरीनं एकत्र बांधली.
तो म्हणाला, बुडालो तर केस तुमच्यावर.

पायडलच्या होड्या सहा, सगळे हंस.
एकाची मान मागच्या उन्हाळ्यात मोडली होती,
हुसेन वेल्डरनं जोडून दिली,
तेव्हापासून तो मागं वळून बघतो.
पोरं त्याच्यातच बसायला भांडतात.

धरणाला दरवाजे किती, हे सगळेच विचारतात.
सत्तावीस, मी सांगते.
पोरं तरी मोजतात,
कधी पंचवीस भरतात, कधी एकोणतीस.
पलीकडचा काठ दिसत नाही म्हणून
पुण्याहून आलेला एकजण म्हणाला, समुद्रच की हो!
समुद्र मी पाहिलेला नाही.
हो म्हणाले.

दुपारी अडीचला वारा सुटला.
हंस एकमेकांवर आपटायला लागले.
गणपत कहारानं बांबूला लाल फडकं लावलं,
म्हणजे बंद.
पैसे परत, जाकिटं परत, कुरकुर माझ्या पदरात.

पाटोद्याहून बचत गटाच्या बाया आल्या होत्या,
एका टेम्पोत बावीसजणी.
त्यांचा नंबर लागणार एवढ्यात फडकं वर गेलं.
बाकीच्या भेळेकडं वळल्या.
ठकूबाई नावाची एक म्हातारी मात्र
लुगड्यावर जाकीट चढवून शेवटच्या पायरीवर बसली,
उतरवीच ना.
"राहू दे गं घडीभर. उबदार वाटतंय."
मग शिट्टी बोटात धरून,
"हे काय?"
शिट्टी. पाण्यात पडलं की वाजवायची.
"अन् न पडता?"

तिनं वाजवली.
आधी नुसतीच हवा आली, थुंकीसकट.
दुसऱ्यांदा असा आवाज निघाला
की भेळवाल्याच्या हातातला कांदा पडला.
मग एकवीसजणी माझ्या खिडकीशी.
बंद आहे बायांनो, मी म्हणाले.
"व्हडी बंद हाये ना? जाकीट कुटं बंद हाये?"
ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं,
नियमांच्या पाटीवरही नव्हतं.

बावीस शिट्ट्या एकदम.
खडकावरचे पाणकावळे उठले, लांबवरचे रोहित उठले,
एक गुलाबी पट्टी पाण्यावरून सरकत गेली,
आणि गणपत अर्ध्या चहावरून
दोर खांद्याला टाकून धावत आला,
"कोण बुडालं? कुटं? कोण?"
पायरीवर बावीस नारंगी बाया
पोट धरून हसत होत्या.
त्यानं दोर आपटला. दिल्या त्या शिव्या
ठकूबाईंनी मान डोलावून ऐकून घेतल्या,
ओळखीचा अभंग लागल्यासारख्या,
आणि शेवटी म्हणाल्या,
"आलास पण पळत. ते बरं केलंस."

टेम्पो पाचला गेला.
मी मोजायला बसले.
एकोणचाळीस.
पुन्हा मोजली, वकिलाची दोरी सोडून मोजली.
एकोणचाळीस.
रजिस्टरात टेम्पोवाल्याचा नंबर होता,
फोन हातात घेतला.
आता गेवराई मागं पडली असेल.
मधोमध बसली असेल ती, पट्टे आवळून,
खड्ड्यांत बाकीच्या एकमेकींवर आदळत असतील,
ही एकटी निवांत.

फोन ठेवला. शेऱ्यात लिहिलं:
एक जीर्ण, टाकून दिले.

गणपत अजून माझ्याशी बोलत नव्हता.
मान वळवलेल्या हंसाला
तो सगळ्यात शेवटी बांधत होता.