परत न जाण्याचा सराव

मंगळवारी सहा वाजता, ओउलू शहरात,
ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत आम्ही आठ खुर्च्या मांडतो.
आम्ही सात जण. आठवी तार्मोसाठी,
विषम आकडा त्याला अजून सोसत नाही.
(ती काढायची आहे. मार्चपर्यंत, असं ठरलंय.)
बाहेर तीन वाजल्यापासून काळोख.
दाराशी बूट, बर्फाचं पाणी सोडत.

मी बस चालवते. एकवीस वर्षं.
माझ्या चाकाखाली आजवर कुणी आलेलं नाही.
हे वाक्य मला लिहिता येतं,
खरं मानता येत नाही.

एक धक्का बसतो.
बर्फाची कड असते, गोठलेली चाकोरी असते,
आणि आरशात मागचा रस्ता रिकामा दिसतो,
म्हणजे नीट दिसलेला नसतो.
पाळी संपली की स्वतःची गाडी काढून
तोच मार्ग पुन्हा, थांबा, थांबा, थांबा,
टॉर्च मारून बर्फात लाल काही शोधायचं.
एकदा सापडलं. लहान मुलाचा हातमोजा.
त्या हातमोज्यासाठी इस्पितळात चार फोन.
चौथ्यांदा तिथल्या बाईंनी
माझं नाव घेऊनच "नाही" म्हटलं.

मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात.
माझ्या वैऱ्याला एवढी कल्पनाशक्ती कुठली.

वेइक्को आधी म्हणायचा, काही झालेलं नाही गं.
एका रात्रीत तीसदा म्हणायचा.
दर वेळी ते आधीपेक्षा कमी पुरायचं.
आता थेरपिस्टनं त्यालाही शिकवलंय.
मी विचारते, कुणाला लागलं नसेल ना?
तो कांदा चिरत राहतो. म्हणतो, "असेलही."
पहिल्या दिवशी मी बशी फेकून मारली.
दुसऱ्या दिवशी त्यानं तेच म्हटलं
आणि डोळे पुसले. कांदा त्या दिवशी नव्हता.

इथंही नियम तोच: धीर द्यायचा नाही.
इल्ता सांगते, बाळाला आंघोळ घालताना
तिच्या मनात काय काय येतं.
"तू असं कधीच करणार नाहीस" हे
आमच्या प्रत्येकाच्या ओठांपर्यंत येतं.
जीभ चावून बसतो.
सिर्क्का तिच्या कपात कॉफी ओतते.
तेवढं चालतं.

दर मंगळवारी इल्ता काळा पाव आणते, अख्खा.
आम्ही हातानं तोडून खातो.
तिच्या घरच्या सुऱ्या शेजाऱ्याकडे आहेत,
बाळ झालं त्या आठवड्यापासून.
गेल्या मंगळवारी तिनं पाव काढला
आणि टॉवेलात गुंडाळलेलं आणखी काहीतरी.
बाळ शेजारीच, टोपलीत, टक्क जागं.
तिनं काप केले.
एक पुस्तकाएवढा जाड,
एक इतका पातळ की पलीकडचा दिवा दिसावा.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
तार्मोनं काप मोजले. अकरा.
मग स्वतःचा खाल्ला.

त्या रात्री शेवटची फेरी माझी होती.
पुलावर धक्का बसला.
बस आगारात लावली, किल्ली दिली, गाडी काढली.
फाटकापासून पूल उजवीकडे, घर डावीकडे.
मी डावीकडे वळले.

सुटले, असं नाही.
रात्रभर पोटात कुणीतरी बर्फावर पडून होतं.
दोन वाजता त्याला चेहरा आला,
चारला हातमोजा.
पाचच्या सुमारास मला पेंग आली.
वेइक्कोला काही विचारलं नाही.
म्हणजे, एकदा विचारलं.
"असेलही," तो झोपेतच म्हणाला.

निघताना लोक एकमेकांना काळजी घे म्हणतात.
आम्ही म्हणत नाही. घेतलेली पुष्कळ आहे.
आम्ही म्हणतो, मंगळवारी.
आणि खोलीतला दिवा कुणी मालवला का,
हे वळून न बघता जिना उतरतो.
बहुतेक वेळा.