अकरा वाजेपर्यंत

सकाळी बायको वाफेतून बोलते.
चहाचा कप मी हाताने शोधतो.
दिव्याभोवती रंगीत कडं.

मेडिकलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
बुबुळापुढच्या काचेला आतून, अगदी तळाशी,
पाणी उपसणाऱ्या पेशींचं अस्तर असतं, परातेजी.
मेलेली पेशी परत उगवत नाही.
उरलेल्या पसरतात, तिची जागा झाकतात.

मला पाचपावलीतली आमची गल्ली आठवली.
चाळीस माग होते.
आता मी, आणि दम्याचा फगुजी.

रात्रभर मिटल्या डोळ्यांत पाणी साचतं.
मग मे महिन्याचं ऊन चढतं,
लोक कूलरपुढे बसून त्याला शिव्या घालतात
आणि मी ओट्यावर येऊन
डोळे उघडे धरतो झळीसमोर.
"येडा झाला काय बाप्पा!" फगुजी ओरडतो.

अकराच्या सुमारास
किनारीचा पहिला धागा वेगळा होतो,
मग दुसरा.
मग बायकोच्या कपाळावरचं गोंदण.

आषाढात काय करू, मी विचारलं होतं.
बाई म्हणाल्या, यादीत नाव घातलंय,
कुणीतरी डोळे ठेवून जाईल.

कुणीतरी.
तुटलेला धागा सांधतो मी,
गाठ थुंकीने ओली करून.