ओढ

बाथटबात वीत-दीड वीत गार पाणी.
त्यात माझी टगबोट, प्लायवुडची, दोन हातांना जरा कमी,
नळाला सुतळीने बांधलेली.
सुतळीच्या मधोमध मासे तोलायचा काटा.
याला म्हणतात ओढ मोजणं :
बोटीने सगळा जोर लावायचा
आणि जागचं हलायचं नाही.

पहिली मोटर ड्रिलमधली. भडक डोक्याची.
स्विच सरकवला तशी किंचाळली,
पंख्याभोवती नुसता फेस.
काटा चारशे ग्रॅमवर अडला, अँपिअर मात्र अकरा.
बोट टेकवलं, चटका बसला.
वहीत लिहिलं : तोंडाळ.

दुसरी टपालाने आलेली, कोरी, ब्रश नसलेली.
हिचं काहीच चुकत नव्हतं.
लिहिलं : नऊशे. पुढे काही सुचेना.

तिसरी आमच्या जुन्या ओपेलची, काच पुसणारी.
गाडी भंगारात गेली तेव्हा काढून ठेवलेली,
सव्वीस पावसाळी हिवाळे तिच्या खाती जमा.
गिअर काढून टाकला, दांड्याला सरळ जोडली.

माझा उजवा कान इंजिनरूमनं कधीच खाल्ला,
डावा अर्धा.
म्हणून पेचकसाचं टोक मोटरीवर टेकवतो,
मूठ दातांत धरतो
आणि जबड्याने ऐकतो.
बेअरिंग घासत असेल तर आधी दाढेला कळतं.
ही खालच्या पट्टीत गुणगुणत होती.
आठशे. हजार. काटा थरथरत बाराशेवर.
मागच्या कडेवरून पाणी गेलं, जमिनीवर, जमिनीतून खाली.
विलमाइन ओरडली असणार.
तिच्या वाटाण्याच्या सूपात ठिबकत होतं, हे मला
जेवताना चवीवरून समजलं.

रविवारी कालव्यावर. वारा पडलेला,
मासस्लाउस अजून अंथरुणात.
शेजारची यिके, वय नऊ, तिला म्हटलं, बस होडीत.
खरी होडी. माणसं नेणारी.
"ही एवढीशी मला ओढणार?"
"काटा तसं म्हणतो."

दोर पाण्यातून वर आला, ताणला,
थेंब झटकले.
मग बराच वेळ काही नाही.
टग मान खाली घालून उभी,
मागे पाणी उकळतंय,
अंगठ्याखाली रिमोटची दांडी शेवटपर्यंत सरकलेली.
चाळीस वर्षं मी हे पोटातून पाहिलं होतं,
डेकखालून, तेलात, दिवस की रात्र ते न कळता.
ओढ बाहेरून कशी दिसते
ते माहीतच नव्हतं.

आणि यिकेच्या मागचा पूल
एका विटेने सरकला.

मग दुसऱ्या विटेने.
काठावरच्या बदकाने डोकं पंखांतून काढलं नाही,
इतकं हळू.
तीन विटा. सात. मोजणं सोडून दिलं.
होडी कालव्याच्या मधोमध आली.
यिके उभी राहून हात हलवत होती,
मीही हलवला.
ती आणखी जोरात हलवू लागली.
मी डावा कान वळवला.

"वल्ही! वल्ही तिकडेच राहिली!"

पायाशी पाहिलं : दोन्ही, शेजारीशेजारी, कोरडी.
बॅटरी वीस मिनिटांची.
घड्याळात सतरा झाली होती.