खराट्याची काडी

परीक्षा परवा.
धुळ्यात रात्रीचे अकरा, भिंत अजून तव्यासारखी.
खिडकीच्या कठड्यावर कवटी,
सीनिअरकडून बाराशेला घेतलेली, घासाघीस करून,
खालचा जबडा तारेने बांधलेला.
तेजल तिला मावशी म्हणते.
मी काहीच म्हणत नाही.
आई सांगते, मेलेल्याला नाव ठेवलं
की तो ऐकत बसतो.

खराट्याची एक काडी मोडून आणली आहे.
ती भोकात घालायची
आणि पलीकडे निघेपर्यंत उत्तर द्यायचं.
तेजल तिच्या अहिराणीत विचारते,
"आठून कोन जास?"
ओव्हेल: खालच्या जबड्याची नस.
स्पायनोसम: मेंदूच्या आवरणाची धमनी,
कानशिलावर काठी बसली की हीच फुटते.
बरोबर. पुढचं.
एवढ्याशा हाडाला किती वाटा!
आमच्या पाड्याला एकच,
तीही पावसाळ्यात दरड खाते.

अमिनो आम्लं वीस.
त्यातली नऊ अंगात तयार होत नाहीत,
ताटातूनच यावी लागतात.
पुस्तकात दूध, अंडी, मासे;
खाली बारीक अक्षरात: तृणधान्यात लायसिन कमी,
कडधान्यात भरपूर.
"म्हणजे कळण्याची भाकर!" तेजल उठूनच बसते.
शिंदखेड्याच्या तिच्या काकूने
ज्वारीत उडीद दळताना कुठलं पुस्तक उघडलं होतं?
मेसवाल्या भाऊंना हे सांगायला हवं.
त्यांच्या पोळीत फक्त पोळीच असते.

मग बिघाड.
एकात लघवीला उंदरांचा वास.
एकात ती ठेवली की काळी पडते.
एकात मेपलच्या पाकाचा वास,
आणि मेपल दोघींपैकी कुणीच पाहिलेला नाही.
तेजल समासात लिहिते: काकवी.
मी लिहिते: मोहाची फुलं, उकळताना.
परीक्षक यावलकडचे निघाले तर चालून जाईल.

मग सहावी जागा.
हिमोग्लोबिनची बीटा साखळी, मणी एकशे सेहेचाळीस.
सहाव्यावर ग्लुटामिक आम्ल हवं,
तिथे व्हॅलिन.
दोन मार्कांचा प्रश्न, दरवर्षी येतो.
तेजल तो विचारत नाही, पान उलटते.
माझ्या पाकिटातलं पिवळं कार्ड तिने पाहिलंय.

दिल्याचं लाल आहे.
शाळेत बोटाला टोचून गेले, महिन्याने कार्डं वाटली,
त्याला वाटलं लाल म्हणजे पहिला नंबर.
वर्गभर दाखवत फिरला.

दिवाळीत चुलीपुढे मातीवर
मी चौकोन आखून दाखवला होता.
दोघांचं पिवळं, तर प्रत्येक खेपेला चारात एक.
बाबा बघत राहिले. मग म्हणाले,
यात तुझी आई कुठली अन् मी कुठला?
मी बोट ठेवलं.
त्यांनी तो चौकोन पायाने नाही, तळहाताने पुसला,
सावकाश,
जसं निजलेल्या पोराचं कपाळ पुसावं.

"चरबी राहिली," मी म्हणते, कारण कुणीतरी काहीतरी बोलायला हवं.
पोटावरची, आतड्यांभोवतीची,
तान्ह्या बाळाच्या पाठीवरची तपकिरी, ऊब देणारी.
आणि गालातली गोळी.
माणूस वाळून काटकी झाला तरी
ती बहुधा टिकून राहते.
हे वाक्य मी दोनदा वाचते.

थंडीत दिल्याचे हातपाय या काडीएवढे होतात.
गाल मात्र तसेच.
व्हिडिओ कॉलवर तो गाल फुगवून दाखवतो,
म्हणजे गुडघा ठणकतोय
आणि मला सांगायचं नाहीये.
इतकं आता कळतं.
त्यासाठी मावशीला भोकं मोजायची गरज नव्हती.

पाऊण वाजलाय. शेवटचं एक,
कानामागचं, बारीक.
काडी थोडी आत जाते आणि अडते.
पुढे वळण आहे, सरळ वस्तू तिथून जात नाही.
"आठून कोन जास?"
सातवी नस.
"कोठे जास?"
काडी सोडून मी माझाच गाल चाचपते.
इथे, मी म्हणते.
फुगवायला.